मदत हवी आहे: सबस्टॅकवरची छोटी नोट नेमकी कशामुळे फिरते?

नमस्कार मंडळी. मी मुंबईच्या जुन्या इमारतींवर मराठीत न्यूजलेटर लिहिते. सबस्टॅक या न्यूजलेटरच्या प्लॅटफॉर्मने एप्रिल २०२३ मध्ये 'नोट्स' म्हणजे छोट्या पोस्ट सुरू केल्या, आणि माझे नवे वाचक बहुतेक तिथूनच येतात. कुणी नोट रीस्टॅक केली, म्हणजे पुढे शेअर केली, की ती त्यांच्या वाचकांसमोरही जाते. घोडं अडतंय ते इथेच.

काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलच्या लेखासाठी दोन नोट्स टाकल्या. पहिली: "नवा लेख आलाय, जरूर वाचा", खाली लिंक. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरी: "ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडहून बोटीने आणून ही इमारत इथे जोडली. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी इथेच पाहिली." बस, एवढंच. ना लिंक, ना हॅशटॅग. ती भरपूर फिरली आणि खाली लोक आपापल्या पहिल्या सिनेमाच्या आठवणी लिहीत बसले. किती छान वाटलं म्हणून सांगू!

माझ्या मते नोट स्वतःपुरती पूर्ण असली की लोक ती आपलीशी करतात. पण मग ते लेखापर्यंत येतच नाहीत.

तुम्ही लिंक पहिल्या प्रतिसादात देता का? फोटोने फरक पडतो का? मराठी नोट सकाळी लोकलच्या वेळेत टाकावी की रात्री जेवणानंतर? आणि दुसऱ्यांच्या नोट्सवर मनापासून प्रतिसाद दिल्याने वाचक वाढतात का? स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.