मदत हवी आहे: मामींना मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाता येणार नाही, घरी काय करता येईल?

प्रश्न
मामी ८१ वर्षांच्या, वसईत एकट्या राहतात. मामा गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. मुलं टोरांटोला. गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद आहे, ऑक्सिजन मशीन लागतं. टीव्हीवर मिस्सा लावून दिला तर पाच मिनिटांत बंद करतात, जपमाळ मात्र चुकवत नाहीत. कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घरी मिळेल का? आणि २५ची दुपार-संध्याकाळ कशी जाईल?

जुना वेदीसेवक
मिळेल, पण सांगावं लागतं. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या) तिसऱ्या रविवारच्या आतच चर्च ऑफिसात नाव, पत्ता, मजला लिहून द्या. २३-२४ला फादर पापनिवेदनं ऐकण्यात अडकलेले असतात. मामींना पापनिवेदन करायचं असेल तर तेही तेव्हाच सांगा. कम्युनियन घेऊन प्रापंचिक सेवक (फादर नसलेले, चर्चने नेमलेले) आले तर ते पापनिवेदन ऐकू शकत नाहीत, त्यासाठी फादरच हवेत. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचंही (पवित्र तेल लावण्याच्या संस्काराचंही) तसंच. तो फक्त मरणाच्या दारात घेतात असं जुन्या लोकांना वाटतं, म्हणून आधी समजावून सांगा, नाहीतर फादर तेल काढताच घाबरतील.

तयारी थोडकी: लहान टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. घास अडकत असेल तर होस्तियेचा (कम्युनियनच्या भाकरीचा) छोटा तुकडा मागावा, वर चमचाभर पाणी. वृद्ध आणि आजारी माणसांना कम्युनियनआधीच्या तासाभराच्या उपासाचं बंधन नाही. औषधं थांबवू नका, हा गोंधळ नेहमी होतो. मिस्सा चुकल्याचं पापही नाही, हे मामींना फादरांच्या तोंडून ऐकू द्या, भाच्याच्या नको.

नर्सताई
वरची मेणबत्ती रद्द करा! ऑक्सिजन चालू असताना खोलीत ज्योत नको, बॅटरीवरची लावा. नाताळच्या गोठ्यालाही (येशूजन्माच्या देखाव्यालाही) तीच.

पापडीकर
टीव्ही बंद करतात याचं नवल नाही. नुसतं बघत बसायचं म्हटलं की आपण बाहेर पडलो असं वाटतं. त्यांना काम द्या. गोठ्यातली गव्हाण रिकामी ठेवा, २४च्या रात्री बाळ येशूला त्यांनीच ठेवायचं. जागरण नको, आठला ठेवलं तरी चालतं. बायबलमधलं लूक २:१-१४ मोठ्या अक्षरात छापून द्या, मोठ्याने वाचू दे. पुढे त्याच अध्यायात हन्ना येते: लग्नानंतर सात वर्षांनी नवरा गेलेली, ८४ वर्षांची, मंदिर न सोडणारी. विधवेला नाताळात वाचायला याहून जवळचा उतारा मला माहीत नाही. धीराच्या उपदेशांपेक्षा तो बरा.

मामांच्या नावाने मिस्सा अर्पण करायचा असेल तर २५चाच हट्ट नको, २६ला सेंट स्टीफनच्या दिवशी मागा. २५ला घरात चार माणसं येतात, खरी पोकळी २७-२८पासून. भेटी वाटून घ्या, सगळ्यांनी एकाच दिवशी जाऊ नये.

प्रश्नकर्ता
आणि मुलांचा व्हिडिओ कॉल?

पापडीकर
टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. आपली संध्याकाळ ७:३० म्हणजे तिथे सकाळचे ९, ती वेळ ठरवून टाका. त्याआधी ४:३०ला रोमहून पोपचा आशीर्वाद थेट दिसतो, तो पंधरा-वीस मिनिटांचा असतो, तेवढा मामी बघतील.

कॉलवर ख्यालीखुशालीनंतर जपमाळेचं एक दशक (दहा 'नमो मरियां'चा भाग) म्हणा: तिसरं आनंदाचं रहस्य (मननाचा प्रसंग), येशूचा जन्म. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे सगळे एकदम बोलले की गलका होतो आणि मामी गप्प बसतात. 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग मामींनी, उत्तर एकाच मुलाने, बाकीच्यांचे माईक बंद.

नर्सताई
जेवण सुटलं, झोप उडाली किंवा 'मलाही ने' असं बोलू लागल्या तर फादरांबरोबर डॉक्टरही हवेत, सण संपायची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, तो सकाळी ८ ते रात्री ८. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात फोनजवळ चिकटवा.