ट्रीटमेंट संपली, आता वहीत लिही म्हणतात. खरंच उपयोग होतो का?

कृष्णाकाठ_२६ (सांगली):
मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता, एबीव्हीडी नावाच्या केमोच्या ६ सायकल म्हणजे १२ डोस झाले, रिपोर्ट क्लिअर येऊन ८ महिने झालेत. घरचे म्हणतात सुटलास बाबा, आता विसर आणि नोकरी बघ, आणि मी रात्री मान चाचपत बसतो गाठ लागतेय का म्हणून. कौन्सेलर ताई म्हणाल्या रोज १५ मिनिटं मनातलं लिही. दहावीनंतर मराठीत एक पान लिहिलं नाहीये राव, आणि वही आईच्या हाती लागली तर? आता हेच बघा, उन्हाळ्यात आई कोकम सरबत करते, ग्लास बघितला की मला ती लाल औषधाची सिरिंज दिसते आणि पोटात ढवळतं. तिला वाटतं नखरे करतोय. असलं काय लिहायचं?

यवतेश्वर_रोड (सातारा):
हेच लिही भावा, सरबताचंच. ही पद्धत पेनबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांची, १९८६ च्या प्रयोगात कॉलेजच्या पोरांना ओळीनं ४ दिवस १५-१५ मिनिटं लिहायला बसवलेलं. शुद्धलेखन गेलं उडत, हात थांबवायचा नाही, सुचेना तर आधीचंच परत. मी परळहून चेकअप करून महालक्ष्मी एक्सप्रेसनं येताना मोबाईलवर सुरू केलं, मग घरी वहीत. पहिल्या दिवशी नुसत्या शिव्या, तिसऱ्या दिवशी कळलं राग आजारावर नव्हताच, "बिचारा" म्हणणाऱ्या पाहुण्यांवर होता. वहीचं म्हणशील तर पानं फाडली आणि बंबात घातली, आंघोळीचं पाणी तापलं.

विट्याची_मी:
सगळ्यांना लागू पडतं असं नाही हां. ल्युकेमियातून, म्हणजे ब्लड कॅन्सरमधून, उठल्या उठल्या मी वॉर्डातली शेजारची पोरगी गेली त्यावरच लिहायला घेतलं, २ रात्री डोळा लागला नाही. कॅन्सर पेशंटवरच्या अभ्यासांतही निकाल एकसारखे नाहीत, कुणाला फरक पडतो कुणाला काहीच नाही. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं ते ठीक, पण फारच भरून आलं तर थांब, विषय बदल, हे पेनबेकरच सांगतात. झोप-जेवण उडालं तर वहीच्या भरवशावर राहू नको, ताईंना सांग, नाहीतर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे.

कृष्णाकाठ_२६ (सांगली):
काल टायमर लावला, १५ मधली ९ मिनिटं कोकमावरच गेली. तेवढं आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, आज ताक केलंय. आणि बंब नाही ओ आमच्याकडे, गीझर आहे, बाकीची पानं कुठं घालू?