मदत हवी आहे: सोडियमच्या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहीत

डीव्हीडीचा तुकडा (मिलिमीटरला साधारण १३५० रेघा) आणि दोन ब्लेडमधली फट वापरून स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण) बनवलाय. सीएफएल दिव्यामधली पाऱ्याची ५४६ नॅनोमीटर तरंगलांबीची हिरवी रेषा अगदी ठसठशीत येते. पण ज्योतीत मीठ धरलं की सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या रेषा मिळून एकच जाड पिवळी पट्टी दिसते. त्या दोन वेगळ्या बघायची फार इच्छा आहे!

हिशेबाने या तुकड्याचा जेमतेम एक मिलिमीटर उजळला तरी पुरायला हवा. म्हणून संशय फटीवरच आहे. फट तुकड्यापासून २५ सेंटीमीटरवर आहे. ती किती अरुंद ठेवावी? की मीठ जास्त झाल्याने रेषाच रुंदावतात? मोबाईलचा फोकस फटीवर कसा पक्का करायचा, तेही कुणी सांगाल का?