पुरानंतर मदत करणाऱ्या सगळ्या संस्थांनी मिळून पूरग्रस्त घरांची एकच यादी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी परंडा तालुक्यातला. सप्टेंबर २०२५ ला सीना नदी फुगली तेव्हा आमच्या मंडळाच्या पोरांनी किराणा किट वाटले, बाहेरच्या चार-पाच संस्था पण आल्या, मन भरून आलं खरं, पण झालं काय की रोडवरच्या गावात एकेका घरी पाच-पाच ब्लँकेटं अन् ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आठ दिवस कुणी फिरकलंच नाही कारण चिखलात गाडी जाईना. ज्याची म्हैस वाहून गेली त्यालाही किट, ज्याच्या विहिरीत गाळ भरला त्यालाही तेच किट. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारनं हेक्टरी ४७ हजार रोख अन् रोहयोतून ३ लाखापर्यंत जाहीर केले, पण बटईनं करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो, त्याचं काय?

पुढच्या पावसाळ्याच्या आत सगळ्यांना एकत्र बसवायचंय. पण प्रत्येकाला आपलाच बॅनर पाहिजे, अन् व्हॉट्सॲप ग्रुप काढला की त्यात गुड मॉर्निंगच जास्त. यादी कुणी ठेवावी? आधार नंबर घ्यावा का?

प्रतिसाद १:
मूळचा लातूरचा, सध्या ह्यूस्टनला. इकडं हार्वे वादळानंतर (२०१७) चर्च, फूड बँका, लहान-मोठ्या संस्था एका टेबलाला बसायच्या. कार्यकर्ता एकेका घराची अडचण मांडतो, विमा अन् सरकारी मदत धरून काय कमी पडतंय ते सांगतो, मग एक म्हणतं सामान आमचं, दुसरं म्हणतं मजुरी आमची. पैसे एका डब्यात टाकावे लागत नाहीत, बॅनर ज्याचा त्याला राहू द्या. इकडंही आधी तुमच्यासारखाच गोंधळ होता, १९६९ च्या कॅमिल वादळात तो लई दिसला, म्हणून १९७० ला संस्थांनी देशपातळीवर आघाडी केली. आधार नंबर यादीत नकोच, ग्रुपवर फिरला म्हणजे संपलं.

प्रतिसाद २:
किल्लारीचा भूकंप (१९९३) आठवा की. घरदुरुस्तीच्या वेळी गावोगावच्या बायकांना संवाद सहायक, म्हणजे गावकरी अन् सरकारमधला दुवा, नेमलं होतं. यादीची वही मंडळाकडं ठेवू नका, बचत गटाकडं द्या. कोण सुटलं हे त्यांना आधी कळतं, अन् म्हशीवाल्याला चारा लागतो हे पण.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. वहीचं पटलं, अध्यक्ष रुसतील बहुतेक, बघू. पण ओढ्यापलीकडं बचत गटच नाही हो, सगळी बटईवाली अन् ऊसतोडीला जाणारी घरं. तिथं वही आशाताईंकडं दिली तर चालेल का, का त्यांच्यावर आधीच कामाचा ढीग आहे?