मेमरिस्टर संगणकाची रचना खरोखर बदलेल का?

प्रश्न:
विद्युत परिपथातील रेझिस्टर, कपॅसिटर आणि इंडक्टर यांच्या जोडीला चौथा मूलभूत घटक असलाच पाहिजे, हे अभियंता लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये गणिताने दाखवले आणि त्याला मेमरिस्टर (आधी वाहिलेली वीज आपल्या रोधात ‘लक्षात’ ठेवणारा घटक) हे नाव दिले. २००८ मध्ये एचपीच्या संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तो सापडल्याचे जाहीर केले. रॅम (वीज जाताच पुसली जाणारी, चालू कामाची स्मृती) आणि कायमची साठवण हा भेदच मिटेल, असे तेव्हापासून वाचतो आहे. मग तो अजून आपल्या संगणकांत का नाही?

उत्तर १:
त्या थरात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा असतात. विद्युतदाबाने त्या सरकल्या की रोध बदलतो आणि वीज गेली तरी तो तसाच टिकतो. याच जातीची, रोध बदलून माहिती ठेवणारी रीरॅम स्मृती २०१३ पासून काही मायक्रोकंट्रोलरमध्ये (उपकरणांतल्या छोट्या नियंत्रक चिपमध्ये) वापरात आहे, म्हणजे घटक अगदीच कागदावर राहिलेला नाही. मात्र डीरॅम (संगणकातली नेहमीची रॅम) आणि फ्लॅश (पेनड्राइव्हमधली साठवण) यांना मागे सारण्याइतकी स्वस्ताई त्याला साधली नाही. एचपीने मोठा गाजावाजा केलेल्या ‘द मशीन’ या स्मृतिकेंद्री संगणकाचा २०१७ मधील नमुनासुद्धा साध्या डीरॅमवरच चालत होता.

उत्तर २:
स्मृतीची जागा घेण्यापेक्षा स्मृतीतच गणित करणे, हे मला त्याचे खरे बलस्थान वाटते. आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर ठेवून आडव्या तारांना विद्युतदाब दिला, तर ओहमच्या नियमाने प्रत्येक छेदावर तो विद्युतदाब आणि तिथल्या मेमरिस्टरची वाहकता यांचा गुणाकार होतो आणि किरखॉफच्या नियमाने उभ्या तारेत त्या प्रवाहांची बेरीज होते. म्हणजे न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालीला) सतत लागणारा मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचा, गुणाकार, आकड्यांची प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामधली ने-आण न करता, जागच्या जागी उरकतो. अडचण अचूकतेची आहे. एकच मूल्य दोनदा लिहिले तरी रोध तंतोतंत तोच येत नाही, आणि उत्तर अंकांत आणणारे परिवर्तक वाचवलेल्या विजेचा बराचसा भाग खाऊन टाकतात. चित्र ओळखताना थोडी चूक खपते, हिशेबात खपत नाही.

उत्तर ३:
एक पुरवणी. चुआंची मूळ व्याख्या विद्युतभार आणि चुंबकीय अभिवाह (फ्लक्स) यांच्या नात्यावर उभी आहे, तर एचपीच्या घटकात चुंबकीय अभिवाहाची काही भूमिका नाही. म्हणून त्याला ‘चौथा घटक’ म्हणावे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अभियंत्याचे त्यावाचून अडत नाही.

प्रश्नकर्ता:
मग नेटवर्कला शिकवण्याचे कामही याच जाळीत होईल का?

उत्तर २ चे लेखक:
ते अधिक कठीण आहे, कारण शिकवताना वजने (नेटवर्कमधले गुणक आकडे, जे इथे रोधाच्या रूपात ठेवतात) असंख्य वेळा किंचित वर-खाली करावी लागतात आणि या घटकांत रोध वाढवणे व घटवणे सारख्याच पावलांनी होत नाही. त्यामुळे बहुधा नेहमीच्या संगणकावर शिकवून तयार वजने जाळीत लिहितात.