इराकमधली पहाऱ्याची नोकरी घ्यावी का?

माजी_हवालदार: मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, सध्या साताऱ्यात एटीएमबाहेर उभा असतो. एजंट बसऱ्याच्या तेलक्षेत्रावर पाठवतो म्हणतोय. पगार तिप्पट. करारपत्र मात्र ‘तिकडं पोहोचल्यावर’.

सांगलीकर: दादा, काबूलला दोन वर्षं काढलीत. गोऱ्यांना चिलखती गाडी, आम्हाला साधी मिनीबस. 20 जून 2016 ला कॅनडाच्या दूतावासाचे नेपाळी पहारेकरी अशाच बसमध्ये मारले गेले. विमा, वाहन, मृतदेह परत आणायचा खर्च (हो, तोसुद्धा) कागदावर घ्या.

वाचक७: बंदुकीचा परवाना कुणाच्या नावावर, तेही विचारा. 2007 मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी 17 नागरिक मारले. चौघांना शिक्षा झाली, 2020 मध्ये ट्रम्पनी माफ केली. तुम्हाला कोण माफ करणार?

माजी_हवालदार: करारपत्र मागितलं. कालपासून एजंट फोन उचलत नाही.