मदत हवी आहे : कवकतंतूंची वाढ आणि कॅल्शियमचा संकेत

नमस्कार. पुण्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी न्यूरोस्पोरा क्रासा या तंतुमय बुरशीवर काम करत आहे. तिच्या वाढत्या तंतूच्या टोकाशी कॅल्शियम आयनांचे प्रमाण मागील भागापेक्षा अधिक असते, म्हणून त्याची वाढीतील भूमिका तपासण्यासाठी माध्यमात ईजीटीए (कॅल्शियमसारखे धातू-आयन पकडून ठेवणारे रसायन) घालून मी कॅल्शियम बांधून टाकले; तंतूंची वाढ मंदावली आणि त्यांना एकमेकांच्या जवळ फाटे फुटले. मात्र ईजीटीए कॅल्शियमला बांधताना प्रोटॉन सोडते, त्यामुळे सामू (पीएच) घसरतो, शिवाय ते जस्त व मँगनीजही पकडते; मग हा परिणाम कॅल्शियमच्याच अभावाचा आहे, हे कसे सिद्ध करावे? सामू स्थिर ठेवणारे बफर वापरून कॅल्शियम क्लोराईड पुन्हा घालावे आणि वाढ पूर्ववत होते का ते पाहावे, असे मला सुचते, पण जादा कॅल्शियममुळे बांधले गेलेले जस्तही सुटू शकते, ही माझी खरी अडचण आहे. कोणते नियंत्रण-प्रयोग (तुलनेसाठीचे प्रयोग) ठेवावेत, ते अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.